रेणुकेच्या बांगड्या

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. गाव कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं, मी इकडं लंडनला. काका वारले, काकीच्या बांगड्या फोडल्या, आणि मी विचारलं की हे अजून कशाला, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 लाच ठराव करून हे बंद केलंय, तर थोरल्या चुलत्यांचं उत्तर आलं, अरे खुद्द यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्या, बांगड्या फुटतात मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला, तू तिथं बसून पुराण बदलणार काय?

पण पुराण बदललं नाही असं कधी झालंय? महाभारतात रेणुकेच्या नवऱ्याला, जमदग्नीला, कार्तवीर्य राजाची पोरं मारतात, मुलगा परशुराम अग्नी देतो, संपलं. माहूरला गेलात तर तीच रेणुका सती जाते. आणि आमच्या सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्षात तिचं कुंकू जातं आणि पुढं अहेव पुनवेला परत येतं, म्हणजे मेलेला नवरा उठला की! एकच मरण तीन तऱ्हेनं सांगितलंय, तरी कुणाची श्रद्धा हलली नाही, मराठी आणि कन्नड बायका एकाच डोंगरावर भंडारा उधळतात.

इकडं ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन इराकमधल्या गिल्गमेश राजाच्या कथेच्या मातीच्या पाट्या ठेवल्यात. जिवलग मित्र एन्किडू मेल्यावर हा राजा मरण टाळायला जगभर हिंडतो आणि रिकाम्या हातानं परत येतो. त्यातल्या जुन्या बॅबिलोनी पाठात दारू विकणारी एक बाई त्याला सांगते, मरण देवांनी माणसाच्याच वाट्याला ठेवलंय, तू पोटभर जेव, स्वच्छ कपडे घाल, लेकराचा हात धर. नंतरच्या पाठात हा सल्ला सापडतच नाही. मला तर तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

इकडचं सगळं उचला असं मात्र मी म्हणत नाही. शेजारणीचा नवरा गेला, तिच्या अंगावरचं कुणी काही उतरवलं नाही, हे चांगलंच, पण अंत्यविधीला दोन-तीन आठवडे लागले आणि तोवर ती घरात एकटी, दारातून फक्त सांत्वनाची कार्डं पडत होती. काकीजवळ बारा दिवस बायका झोपायला होत्या, चुलीपाशी तिला राबू दिलं नाही. ते मोडायचं नाही, काही झालं तरी.

मला चौथी रेणुका पाहिजे. जमदग्नी मेलेलाच राहू दे, गेलेला माणूस येत नाही हे काकीला कुणी शिकवायला नको, पण रेणुकेच्या बांगड्या हातातच राहू देत, नवरा उठायची वाट न बघता. हेरवाडनंतर महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढलं, ते आमच्या गावाला लागू नाही, सौंदत्तीला मात्र गाड्या दोन्ही राज्यांतनं भरून जातात. म्हणून चौंडकं वाजवत यल्लम्माची गाणी गाणाऱ्या जोगत्या-जोगतिणींनीच ही कथा अशी गायला घ्यावी, त्यांच्या तोंडून आली तर थोरले चुलतेसुद्धा ऐकून घेतील.