दूरसंचार विधेयकावरील मतदानाविषयी खुलासा

दूरसंचार विधेयक, २०२३ च्या बाजूने कोणत्या खासदाराने मत दिले, याच्या नावनिशीवार याद्या फिरत आहेत. त्यांना संसदेच्या नोंदींचा आधार नाही. लोकसभेने २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी हे विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. अशा मतदानात पीठासीन अधिकारी होकार-नकाराचा आवाज ऐकून निर्णय देतात आणि मतविभाजन (प्रत्येक सदस्याचे मत मोजून घेणे) झाल्याखेरीज कोणाचेही वैयक्तिक मत नोंदले जात नाही. विरोधी पक्षांचे १४० हून अधिक खासदार तेव्हा निलंबित होते, हेही ध्यानात घ्यावे. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी नागरिकांचे संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम २० याच कायद्यात आहे, म्हणूनच नोंद नसणे मला गंभीर वाटते.