बालकवींच्या उदासीनतेचा पंचनामा

आज दुपारी बालकवींचे एक चरित्र वाचून संपवले आणि तेव्हापासून डोके शांत झालेले नाही. चरित्रकाराने कष्ट घेतले आहेत, हे मान्य. धरणगावचा जन्म, वडिलांच्या पोलिस खात्यातील बदल्यांमुळे खानदेशात झालेली भटकंती, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरे यांना मिळालेली ‘बालकवी’ ही पदवी, हे सारे त्याने मन लावून लिहिले आहे. परंतु ५ मे १९१८ हा दिवस आणि भादलीचे रेल्वे स्थानक, जिथे मालगाडीखाली बालकवींचा अंत झाला, जवळ येऊ लागताच हा माणूस प्रत्येक कवितेचा पंचनामा करू लागतो. ‘पारवा’ घ्या, ‘खेड्यातील रात्र’ घ्या, सगळीकडे त्याला पुढे येणाऱ्या मालगाडीची चाहूल ऐकू येते.

आणि मग कारणांची यादी. गरिबी, स्थिर नोकरीचा अभाव, न जुळलेला संसार. संसाराचे खापर अर्थातच पत्नी पार्वतीबाईंवर, ज्या लग्नाच्या वेळी स्वतःच लहान होत्या!

माझी आई एका पावसाळ्यात अचानक अबोल झाली. आयुष्यभर शाळेत शिकवलेली, हसती-बोलती बाई. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक कारण घेऊनच येत असे: सुनेचे काही झाले का, पैशांची चिंता आहे का, कोणी काही बोलले का. आई एवढेच म्हणायची, “अरे, मलाच कळत नाही.” कोणाचाही विश्वास बसत नसे. तिच्या वहीत बालकवींच्या या ओळी उतरवलेल्या होत्या:

कोठुनि येते मला कळेना
उदासीनता ही हृदयाला

ज्याला ते दुःख झाले त्याने स्वतः इतक्या स्वच्छपणे सांगून ठेवले आहे, आणि शंभर वर्षांनी एक चरित्रकार त्याला सांगतो की तुला कळले नाही, मला कळले! आईच्या खाटेभोवती बसलेल्या मंडळींचा आवाज मला या पुस्तकाच्या पानापानावर ऐकू आला.

गरिबी खरी होती, तिची झळही लागलीच असणार. तेवढे मी नाकारत नाही. पण लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त याच ठोमऱ्यांचे रुसवे आणि हट्ट किती मायेने लिहिले आहेत ते पाहा. त्यांनी निदान केले नाही, माणूस दाखवला. आईच्या बाबतीतही एक शेजारीण तेवढी अशी निघाली, जी काही न विचारता रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसत असे. त्या आठवणीने आत्ता लिहितानाही राग थोडा ओसरतो.

तरीही ‘औदुंबर’सारख्या आठ ओळींच्या कवितेला या पुस्तकात एक परिच्छेद मिळावा आणि रेल्वेच्या रुळांना अख्खे प्रकरण मिळावे, हे मी माफ करणार नाही. मित्रांनो, पुस्तक घ्यायचेच असेल तर जळगावच्या संमेलनापर्यंत जरूर वाचा. शेवटचे प्रकरण सोडा आणि त्या वेळात ‘फुलराणी’, ‘निर्झरास’ आणि ‘उदासीनता’ या तिन्ही कविता एका बैठकीत, मोठ्याने वाचा.