मटोकेचा घड आणि आपलं देवक

परवा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर युगांडाच्या लोकांच्या एका कार्यक्रमाचे फोटो टाकले तर एकाने लगेच विचारलं, "तिकडे दवाखान्यात औषध नाही आणि हे लंडनमध्ये ढोल वाजवण्यात पैसे घालवतात?" तिथे वाद घातला नाही पण डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या वॉर्डातली मैत्रीण मुगांडा आहे, म्हणजे कंपालाच्या आजूबाजूचं जे बुगांडाचं जुनं राज्य, तिथली. भाषा लुगांडा. त्यांच्या लोकांची इथे छोटी संस्था आहे. गावाकडच्या आरोग्य केंद्राला मदत, पोरांच्या फिया आणि इथे जन्मलेल्या मुलांना शनिवारी लुगांडा शिकवणं, सगळं एकाच वर्गणीतून. तिने आग्रह केला म्हणून गेले.

बायका गोमेसी नेसून आलेल्या, खांद्यावर टोकदार बाह्या आणि कमरेला रुंद चकचकीत पट्टा. (हे नाव गोम्स नावाच्या गोव्याच्या शिंप्यावरून पडलंय, हे ऐकून इतका आनंद झाला की काय सांगू!) मग टेबलावर मटोकेचा म्हणजे कच्च्या केळ्यांचा घड आणला आणि लिलाव सुरू झाला. आपल्याकडे विसर्जनाच्या नारळाचा होतो ना, तसाच. एका काकांनी साठ पौंडाला घेतला, पैसे मोजले आणि घड परत टेबलावर ठेवला, की पुन्हा बोली लावा. तोच घड चार वेळा विकला गेला, आणि शेवटची बोली कोणाची तर इथेच वाढलेल्या, बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलाची.

त्या मुलाने का द्यावेत पैसे, ते गाव तर त्याने धड पाहिलेलंही नाही? माझं म्हणणं इथेच आहे. बुगांडात पन्नासच्या वर कुळं आहेत आणि प्रत्येकाचं एक चिन्ह, कोणाचं सिंह, कोणाचं नाकतोडा. आपल्या चिन्हाचा प्राणी खायचा नाही, आपल्याच कुळात लग्न करायचं नाही. आपलं देवकच की हे! नावंसुद्धा कुळाची ठरलेली असतात, त्यामुळे यादीत फी अडलेल्या मुलीचं नाव वाचलं की त्याला कळतं ही आपल्यातली. भाषा आणि कुळ गेलं तर पुढची पिढी कशासाठी पैसे पाठवेल? ढोलाचा खर्च बंद केला तर काही वर्षांनी औषधाचे पैसेही बंद होतील, मला यात तिळमात्र शंका नाही.

आणि हे लोक देण्याची सवय कुठून शिकले तेही बघा. 1966 मध्ये युगांडाचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ओबोटे याच्या सैन्याने बुगांडाच्या राजाच्या मेंगो इथल्या राजवाड्यावर हल्ला केला, पुढच्या वर्षी राज्यच रद्द झालं, त्यांचा राजा म्हणजे कबाका 1969 मध्ये इथेच लंडनला परागंदा अवस्थेत वारला. 1993 ला गादी परत आली पण सत्ता नाही, सक्तीचा कर घेता येत नाही. म्हणजे जे काही करायचं ते लोकांनी मनाने दिलेल्या पैशावर. कासुबीच्या राजसमाध्या 2010 मध्ये जळाल्या, तेव्हा कातिक्किरो म्हणजे पंतप्रधान मायिगा यांनी 2013 पासून 'एत्तोफाली' मागितली. एत्तोफाली म्हणजे वीट. फूल ना फुलाची पाकळी, ज्याने त्याने आपली वीट द्यायची. कबाकाच्या वाढदिवसाची जी मोठी दौड असते, तिचे पैसे फिस्टुला (अवघड बाळंतपणात बाईला होणारी इजा), सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), एड्स असल्या कामांना गेलेत.

सिकल सेल शब्द ऐकला आणि मला नंदुरबार आठवलं. माझं माहेर तिकडचं, सांधे धरून रडणारी पोरं मी लहानपणापासून बघितलीयत. दुखणं एकच आहे हो, युगांडातलं आणि आपल्याकडचं.

हिशोब मात्र चोख हवा, संस्कृतीच्या नावाखाली काहीही खपवू नये. त्या दिवशी खजिनदार बाईंनी पावत्यांची फाईलच टेबलावर ठेवली होती, कोणीही उघडून बघा म्हणून. आणि जुनी मशिनं कंटेनरमध्ये भरून पाठवायची, दुरुस्त करायला तिथे माणूस नाही, असली मदत बंद करा हे मैत्रिणीने माईकवर ठणकावून सांगितलं, मला फार पटलं.

जेवताना तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने गुडघे टेकून नमस्कार केला, स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं नाव आणि कुळ न अडखळता सांगितलं आणि मला विचारलं, "आँटी, तुमचं कुळ कुठलं?" रात्री घरी येऊन पप्पांना फोन लावला आणि आपलं देवक विचारून घेतलं, मुलाला स्पीकरवर ऐकवलं.

पुढच्या महिन्यात परत जमतायत. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेणार आहे लिलावाला. ग्रुपमधलं कोणी येणार असेल तर इनबॉक्स करा, गाडीत तीन जागा आहेत.