‘ख्रिश्चॅनिटी’त कृष्णनीती नाही, तेल आहे

‘ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती, ख्राइस्ट म्हणजे कृष्ण, बंगालीत तर कृष्णाला केष्टो म्हणतातच, आणि व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ हा मजकूर मराठीत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चूक आहे, आणि कुठे चुकतो ते नेमकं दाखवता येतं.

‘नीती’ ऐकू येते कारण शब्द भलत्याच जागी तोडला जातो. लॅटिन रूप ‘ख्रिस्तिआनितास’. त्याची फोड ख्रिस्त + इआन + इतास. ‘-इआनुस’ म्हणजे अमक्याच्या पक्षाचा; रोमन सेनापती पॉम्पीचा समर्थक तो ‘पॉम्पेइआनुस’. ‘-इतास’ हा आपल्या ‘-ता’सारखा भाववाचक प्रत्यय. म्हणजे ‘नीती’तला ‘न’ एका प्रत्ययाचा आणि उरलेलं दुसऱ्याचं. ‘ह्युमॅनिटी’, ‘कम्युनिटी’तही हाच जोड ऐकू येतो.

आता ‘ख्राइस्ट’. ग्रीक क्रियापद ‘ख्रिओ’ म्हणजे माखणे, चोपडणे. त्यावरून ‘ख्रिस्तोस’, ज्याला तेल लावलं आहे तो. हा हिब्रू ‘माशीअह’चा सरळ अनुवाद आहे, कारण यहुदी राजे आणि याजक (धर्मगुरू) यांचा अभिषेक तेलाने होई. मराठी बायबलातला ‘अभिषिक्त’ हाच शब्द. सर्वांत ठोस पुरावा येशूच्या आधीचा आहे: इ.स.पू. 3ऱ्या-2ऱ्या शतकांत झालेल्या हिब्रू ग्रंथांच्या ग्रीक अनुवादात ‘लेवीय’ या ग्रंथातल्या 4:5 मधला याजक ‘ख्रिस्तोस’ आहे, आणि ‘यशया’ या ग्रंथातल्या 45:1 मध्ये चक्क इराणचा राजा कोरेश (सायरस) हाही. हे व्यक्तिनाम असतं तर असं झालंच नसतं. त्याच धातूचं ‘ख्रिस्मा’ म्हणजे बाल्सम (सुगंधी राळ) घातलेलं जैतुणाचं तेल. कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा, दृढीकरण आणि याजकदीक्षेला ते आजही लावतात.

उच्चारसाम्यही वरवरचं आहे. ग्रीक ‘ख’ला संस्कृतात बहुधा ‘ह’ किंवा ‘घ’ भेटतो: खेइमा (हिवाळा) आणि हिम, खेन आणि हंस. ‘क’ नव्हे. ‘कृष्ण’ म्हणजे काळा. त्याचं नातं रशियन ‘चोर्नी’शी (काळा) लागतं.

‘केष्टो’ खरा आहे. पण ‘ष्ण’चा ‘ष्ट’ बंगालीत झाला, आणि बंगाली भाषाच ख्रिस्तानंतर कित्येक शतकांनी घडली.

व्हॅटिकन हे तर रोममधल्या एका टेकडीचं आणि तिच्या परिसराचं जुनं नाव, इ.स.पू. 43 मध्ये मारल्या गेलेल्या रोमन वक्ता सिसेरोच्या लिखाणात ते आलेलं आहे. तेव्हा चर्चही नव्हतं आणि पोपही नव्हता.