कुळवृत्तांत आणि एसएसडी

इंदूरमधल्या प्रत्येक मराठी घराचा मूळ पुरुष मल्हाररावांबरोबर घोड्यावरून आलेला असतो. आमचा बहुधा मागून बैलगाडीतून, हिशेबाच्या वह्या सांभाळत आला असावा, पण आबांना हे मान्य नाही. बँकेतून रिटायर झाल्यापासून ते घराण्याचा कुळवृत्तांत लिहिताहेत, आणि घोडा सापडेपर्यंत तो छापायला जाणार नाही याची आईला खात्री आहे. मोडी कागदांचे स्कॅन, पिवळ्या पडलेल्या मुंजींच्या फोटोंचे स्कॅन, आणि ते नीट आले नाहीत म्हणून पुन्हा केलेले स्कॅन, असा सगळा ऐवज आमच्या जुन्या डेस्कटॉपच्या एक टीबीच्या हार्ड डिस्कवर होता.

हा डेस्कटॉप सुरू करणं म्हणजे एक विधी असे. आबा बटण दाबत, आंघोळ करत, पूजा करत, जिरावन घालून पोहे खात आणि मग येऊन बसत, तेव्हा पडद्यावरचे ठिपके अजून गोल फिरत असत. डिस्कची कर्रकर्र स्वयंपाकघरापर्यंत यायची. आबांना त्या आवाजाचा आधार वाटे. "काम चाललंय त्याचं," असं ते कौतुकानं म्हणत. सरकारी कचेरीत बाबू फायली शोधताना दिसला की आपलं काम होणार, अशी समजूत असलेल्या पिढीचे ते.

"आजोबा, याला हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाका," भाचा म्हणाला. तो इथेच इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे मिक्सरपासून मोडेमपर्यंत घरात जे काही बंद पडतं त्याला तो जबाबदार. त्याने आबांना समजावलं. हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला 7200 फेरे मारतात, आणि वाचणारं हेड जिथं मजकूर असेल तिथं सरकत जातं. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या बारक्या फायली मागते, आणि हे हेड सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणी पोचतं. एसएसडीत हलणारं काहीच नाही. चिपांमधल्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडलेला असतो, आणि कुठलाही कप्पा उघडायला जवळपास सारखाच वेळ लागतो.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मूळ पुरुष कोण?"

"कुणाचा?"

"या एसएसडीचा."

भाच्याने फोन काढला. एसएसडीतल्या चिपा म्हणजे फ्लॅश मेमरी, आणि तिचे मूळ पुरुष जपानचे फुजिओ मासुओका, तोशिबा कंपनीतले. 1984 साली त्यांनी ती जगापुढे मांडली, आणि आज एसएसडीत असते ती नँड जातीची फ्लॅश 1987 साली. मग ओघानं हार्ड डिस्कचीही वंशावळ निघाली. आयबीएम, साल 1956, चोवीस इंची पन्नास तबकड्या, आणि एवढा पसारा मांडून साठवण पाच एमबीच्या आसपास. आबांनी चष्मा पुसला. "म्हणजे हार्ड डिस्कचं घराणं जुनं," ते म्हणाले. जुन्या घराण्यांवर त्यांचा विश्वास असतो, मग ती कर्जबाजारी का असेनात.

भाच्याने दुसरा मार्गही सुचवला, की सरळ नवा कॉम्प्युटर घ्या. विंडोज दहाचा आधार कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी काढून घेतलाय, आणि आमचं मशीन इतकं जुनं की अकरा त्याला आत घेत नाही. "रिटायर मीसुद्धा झालोय," आबा म्हणाले. "मला बदलून कुणाला आणणार आहात?" तो विषय तिथेच संपला. इंटरनेटची कामं फोनवर आणि कॉम्प्युटर फक्त कुळवृत्तांताला, असा तह झाला.

इंदुरात तांत्रिक प्रश्न पोह्यांच्या गाडीवर सुटतात, म्हणजे सुटतात असं वाटून लोक घरी जातात. मी विषय काढला मात्र, हातात जिलबी घेऊन चारी बाजूंनी सल्ले आले. एक म्हणाला, एनव्हीएमईच घ्या. दुसरा म्हणाला, एम डॉट टू घ्या. तिसरा म्हणाला दोन्ही एकच. आमचे शेजारी उसळून म्हणाले, एकच नाहीत, माझ्याकडे पुरावा आहे. त्यांनी लॅपटॉपसाठी एम डॉट टूची पट्टी आणली होती. ती खाचेत व्यवस्थित बसली, स्क्रूही लागला, फक्त लॅपटॉपला ती दिसेना. एम डॉट टू हा नुसता आकार. 2280 लिहिलं असेल तर 22 मिलिमीटर रुंद आणि 80 लांब, बस्स. आत कॉम्प्युटरशी बोलायची बोली जुन्या, संथ सॅटाची आहे की नव्या, वेगवान एनव्हीएमईची, हे वेगळं. यांची पट्टी सॅटावाली, लॅपटॉप फक्त एनव्हीएमई जाणणारा. दुकानदाराने "खोल लिया तो वापस नहीं होगा, भिया" म्हणून हात वर केले, आणि तेव्हापासून ती पट्टी त्यांच्या पाकिटात असते. पुरावा म्हणून त्यांनी ती बाहेर काढून दाखवली. तिच्यावर शेव होती.

मेहुण्यांचा सल्ला याहून स्वस्तातला होता. त्यांना फोनवर 16 टीबीची एसएसडी एका पिझ्झाच्या किमतीत दिसली होती. "दोन घेऊ, एक तुला," त्यांनी उदारपणे सांगितलं. अशा डब्यात बहुतेक वेळा एक छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं, आणि त्याला कॉम्प्युटरपुढे 16 टीबीची थाप मारायला शिकवलेलं असतं. फायली जातात, नावं दिसतात, खरी जागा भरली की पुढचा मजकूर नुसता हवेत. एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर अख्खी डिस्क भरून, पुन्हा वाचून ही लबाडी पकडतं. मेहुण्यांनी ते चालवलं नाही. "उगाच मनात किंतू कशाला," म्हणाले.

या सगळ्या गदारोळात खरा घोटाळा आबांनी केला. पेपरात कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं की एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते. प्रत्येक लिखाणागणिक कप्पे झिजतात. हे खरंच आहे. एका कप्प्यात एक बिट ठेवणारी एसएलसी सर्वांत टिकाऊ, पण घरगुती दुकानात ती भेटत नाही. तीन बिट ठेवणारी टीएलसी सगळीकडे मिळते, आणि चार बिट कोंबणारी क्यूएलसी स्वस्त, कारण तिला एकाच कप्प्यात सोळा वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. ती लवकर थकते, आणि मोठी फाइल ओतली की मध्येच धापाही टाकते.

"म्हणजे कुळवृत्तांत लिहून लिहून ती संपणार," आबा म्हणाले. "नकोच ती."

मग एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब सुरू झाला. पाचशे जीबीच्या बऱ्या सॅटा एसएसडीवर कुठे 180 टीबी लिखाणाची हमी असते, कुठे 300. आम्ही कंजूषपणे 180 धरली. आबांचं एक पान साधारण 2000 अक्षरांचं. युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणून पानाला 6000 बाइट. भागाकार केला तर तीन हजार कोटी पानं आली. आबांनी बँकेच्या सवयीनं तो उलटा करून तपासला. तीन हजार कोटीच आली.

"आणि मी दर वाक्याला सेव्ह करतो त्याचं काय? दर वेळी अख्खी फाइल नव्यानं लिहिली जात असणार."

शंका बिनतोड होती. शिवाय एसएसडी स्वतःही आतल्या आत मजकूर इकडचा तिकडे हलवते, तेही लिखाणच. आम्ही शंभर पट घट धरली. तरी तीस कोटी पानं उरली. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, तेवढ्यात घोडा बसेल का?

खरेदीला आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलमध्ये गेलो, भाचा, मी आणि आबा. काउंटरवरच्या मुलाने आबांना खुर्ची दिली आणि मला सांगितलं, "भिया, जेन फोर ले जाओ. सात हजार की स्पीड है, मक्खन." जेन फोर म्हणजे चौथ्या पिढीची एनव्हीएमई, आणि सात हजार म्हणजे सेकंदाला तेवढे एमबी. भाच्याने त्याला आमच्या मदरबोर्डाचं नाव सांगितलं. मुलाच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू कुणी होळकरशाहीतलं नाणं काउंटरवर ठेवलं. या बोर्डावर एम डॉट टूची खाचच नव्हती. पोह्यांच्या गाडीवरचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात निकालात निघालं. राहिली अडीच इंची सॅटा, सेकंदाला फार तर साडेपाचशे एमबी.

सात हजारांवरून साडेपाचशेवर येताना मला उगाच पगार कापल्यासारखं झालं. वास्तविक टाइप करणाऱ्या, फोटो पाहणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या माणसाला या दोहोंतला फरक फारसा कळत नाही. मोठमोठे व्हिडिओ कापणाऱ्यांची गोष्ट वेगळी. हार्ड डिस्ककडून कुठल्याही बऱ्या एसएसडीकडे येणं हीच खरी उडी, आणि पुढची सगळी चढाओढ बहुतांशी आकड्यांच्या हौसेसाठी आहे. पण हे दुकानात, मागे रांग असताना, हातात सात हजारांचा खोका असताना पटत नाही. आबांनी मात्र पाच वर्षांची वॉरंटी वाचली, टीएलसी आहे ना ते दोनदा विचारलं, जीएसटीचं पक्कं बिल घेतलं आणि "ही द्या," म्हणाले.

घरी खोका उघडला तर आत डिस्क आणि एक कागद. केबल नाही, स्क्रू नाहीत. बंद पडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हची सॅटा केबल काढून तिला जोडली. बोर्डावरच्या चार सॉकेटांतली दोनच वेगवान, सहा गिगाबिटची, त्यातलं एक धरलं. बसवायला पट्टी नव्हती, तेव्हा भाच्याने दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं ती कॅबिनेटला चिकटवली. आत काही फिरतच नाही, त्यामुळे चालतं. आबांना ते अजिबात आवडलं नाही. घराण्याचा इतिहास टेपवर!

जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायची ठरली, कारण पडद्यावरची चित्रं जागची हललेली आबांना खपत नाहीत. एक टीबीवरून पाचशे जीबीवर येता येतं, भरलेला मजकूर मावत असला म्हणजे झालं. रात्रभर टक्केवारी सरकत राहिली आणि आबा खुर्चीत पहारा देत बसले. फोल्डरांची नावं एकेक करून जात होती. त्यात 'बडोदा शाखा, पिढी सहावी' हे फोल्डरही इमानदारीनं गेलं, शून्य बाइटचं. बडोद्याचे काका दर दिवाळीला नावं पाठवतो म्हणतात.

सकाळी आबांनी पहिली गोष्ट पाहिली ती आकडा. "पाचशे म्हणाला होता. इथे 465 आहेत. पस्तीस कुठे गेले?"

कंपनी हजाराच्या पटीनं मोजते आणि विंडोज 1024 च्या, असं भाचा सांगू लागला. मला वाटलं, आता बिल घेऊन परत सिल्वर मॉल. पण आबा एकदम शांत झाले. "सराफ्यासारखं," म्हणाले. खरा तोळा 11.66 ग्रॅमचा, पण सोनार आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो. नाव तेच, माप वेगळं. आयुष्यभर दागिन्यांवर कर्जं दिलेल्या माणसाला गिगाबाइट असा एका झटक्यात कळला, आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचं तोंड उघडंच राहिलं.

पुढची अडचण वेगाची. आबा बटण दाबून आंघोळीला निघाले, तर टॉवेल खांद्यावर घेईपर्यंत कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. त्यांनी तो परत बंद केला. दुसऱ्या दिवशीपासून आंघोळ, पूजा, पोहे उरकून मगच बटण दाबू लागले, म्हणजे एकूण वेळ तेवढाच. शिवाय आवाज नाही. ते कॅबिनेटला कान लावून बसत. दर रविवारी डीफ्रॅग करायचा, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र लावायचा, त्यांचा नेमही गेला. एसएसडीला ते लागत नाही, उलट नाहक झीज होते. विंडोज आपलं आपण ट्रिम करून घेते, म्हणजे पुसलेल्या मजकुराची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवते. रिकाम्या रविवारची सोय म्हणून भाच्याने त्यांना क्रिस्टल डिस्क इन्फो टाकून दिलं. त्यात डिस्कची तब्येत टक्क्यांत दिसते. हे करायला नको होतं. काही महिन्यांनी एका सकाळी 100 चे 99 झाले, आणि आबांनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं, "घरी ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

त्यावर उपाय म्हणून एसएसडी काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची योजना निघाली. ती भाच्यानं हाणून पाडली. विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिली तर कप्प्यांतला भार हळूहळू गळतो, झिजलेल्या डिस्कचा तर लवकर, आणि इंदूरचा मे महिना त्याला मदतच करतो. कपाटात निजवायला हार्ड डिस्कच बरी. आईने ती तोवर ई-कचऱ्यात द्यायला दारापाशी काढून ठेवली होती. 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या शहरात असली वस्तू दारात फार वेळ टिकत नाही. मी चपला न घालता धावलो. आता कुळवृत्तांताची एक प्रत तिच्यावर लॉकरमध्ये, एक एसएसडीवर, आणि एक ग्वाल्हेरच्या आत्याकडे पेन ड्राइव्हवर आहे, कारण एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा कर्रकर्र न करता, न सांगता जाते.

परवा बडोद्याच्या काकांचा फोन आला. त्यांनीही एसएसडी घेतली होती आणि बडोद्यात ती इंदूरपेक्षा स्वस्त मिळाली, हे सांगायचं होतं. सात हजारांची स्पीड आहे, म्हणाले. आबांनी फोन स्पीकरवर टाकला आणि पाठीशी उशी घेतली.

"मदरबोर्ड कितव्या पिढीचा?"

"म्हणजे?"

"अरे, डिस्क चौथ्या पिढीची आणि बोर्ड तिसऱ्या पिढीचा असला तर चालते, पण धावते तिसरीच्याच वेगानं. साडेतीन हजार मिळतील. बघून सांग."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग काका म्हणाले, पोराला विचारून सांगतो.

"विचार. आणि पिढ्यांचंच निघालंय, तर तुमची सहावी अजून आलेली नाही. आता जागेची अडचण नाही. 465 जीबी आहेत."