सूचक मी, अनुमोदक मी

काल दुपारी माझा फॉर्म तिसऱ्यांदा परत आला. कोपऱ्यात लाल पेनानं शेरा: ‘गटाच्या बैठकांचे इतिवृत्त जोडलेले नाही.’

प्रकल्प मल्टिमीडियाचा आहे आणि स्वयंनिर्देशित आहे. म्हणजे विषय आपणच निवडायचा, वेळापत्रक आपणच आखायचं, चित्रीकरण, आवाज, संकलन, वेबपान सगळं आपणच करायचं आणि शेवटी बोंबही आपणच मारायची. गट नावाची वस्तूच नाही. पण फॉर्म गटांसाठी छापलेला आहे आणि छापील कागदापुढे जिवंत माणसाचं काही चालत नाही.

“गटप्रमुख कोण?” खिडकीतल्या मॅडमनी विचारलं.

“मीच.”

“सदस्य?”

“मीच. एकटीच आहे मी.”

“इथे चार रकाने आहेत.”

“हो, पण माणूस एक आहे.”

“रकाना मोकळा ठेवला तर सिस्टीम घेत नाही.”

“मग चारही ठिकाणी माझंच नाव लिहू का?”

हे मी चिडून विचारलं होतं. मॅडमनी ते शांतपणे मनावर घेतलं. पेनाचं टोपण दोनदा उघडमीट करून त्या म्हणाल्या, “चालेल. पण पदं वेगळी दाखवा.”

माझ्या मागे एक काका उभे होते. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्या पोटात दुसरी फाइल. त्यांना गुणपत्रिकेची दुसरी प्रत हवी होती. माझ्या प्रकल्पाशी त्यांचा संबंध इतकाच, की तो त्यांच्या आणि खिडकीच्या मधे आला होता.

“बैठका घेतल्यास का पण?” त्यांनी विचारलं.

“कोणाबरोबर घेऊ, काका?”

“ते नंतर. आधी गणपूर्ती किती लागते ते बघ. मी अकरा वर्षं एका मंडळाचा चिटणीस होतो. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच जागी परत भरवायची. मग गणपूर्तीची अट राहत नाही.”

“म्हणजे मी अर्धा तास माझीच वाट बघत बसायचं?”

“चहा पी तेवढ्यात.”

मॅडमनी मान डोलावली. आतापर्यंत त्यांनी माझ्या एकाही वाक्याला मान डोलावली नव्हती.

“आणि हे लक्षात ठेव,” काकांनी आपली फाइल ‘धर जरा’ म्हणून माझ्याच हातात दिली आणि माझ्या फॉर्मवर बोट ठेवलं, “सूचक आणि अनुमोदक एकच चालत नाही. सूचक दिग्दर्शक दाखव, अनुमोदक संकलक. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम केल्याचं पहिल्या ओळीत आलंच पाहिजे.”

“पण दिग्दर्शकही मी आणि संकलकही मीच.”

“असेना. पदं वेगळी आहेत ना? बरं, मला एक सांग. उद्या त्या दोघींत वाद झाला तर निर्णायक मत कोणाचं?”

रांगेतले आणखी दोघे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काकांची फाइल त्यांना परत दिली आणि फॉर्म घेऊन निघाले. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना पंधरा तडफदार उत्तरं देऊन झाली. पण खरा राग वेगळाच आहे. हा प्रश्न विचारण्याचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता, आणि प्रश्न बरोबर होता.

कारण एकट्यानं करायच्या प्रकल्पात वाद होतातच, फक्त आवाज बाहेर येत नाही. दिग्दर्शकाला आठ मिनिटांच्या फिल्मसाठी सहा मुलाखती हव्या असतात, प्रत्येकी तासाभराच्या. ‘माणसं मोकळी होईपर्यंत वेळ लागतो,’ असं तिचं म्हणणं. दिसायला उदात्त आहे. आता हिशेब संकलकाच्या बाजूनं बघा. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या गतीनं लिहीत असेल (आठ बिटांचा एक बाइट) तर एका तासाला ४५ गीगाबाइट होतात. सहा तासांचे २७०. जुना, जाणत्यांचा नियम असा, की प्रती तीन ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. म्हणजे ८१० गीगाबाइट, आणि अजून एकही कट मारलेला नाही. त्यात जुनी हार्ड डिस्क फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असली, की चार गीगाबाइटच्या वरची एकही फाइल ती आत घेत नाही. डिस्क अर्धी रिकामी दिसते आणि तरीही नको म्हणते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली की घेते, पण त्यासाठी आधी आतलं सगळं दुसरीकडे हलवावं लागतं. ते हलवायला दुसरी डिस्क नसते म्हणून तर ही काढलेली असते.

शिवाय मुलाखती उतरवून काढाव्या लागतात. एक तास ऐकून टाइप करायला सरावलेल्या हातालाही चारेक तास जातात. सहा मुलाखतींचे चोवीस. यंत्राकडून करून घेतलं तरी माणसांची आणि गावांची नावं ते आपल्या मनानं लिहितं, ती शोधत बसावं लागतं. हे न करता थेट टाइमलाइनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर तुकडे ओळीनं जोडायच्या पट्टीवर, उडी मारली, तर ‘ते छान वाक्य कुठं होतं बरं’ या एका प्रश्नात रात्री जातात. आधी कागदावर कट करायचा, कोणाचं कुठलं वाक्य, किती मिनिटांवर, आणि मग कॉम्प्युटर उघडायचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीही करत नाही.

वेळापत्रकाचं तर बोलायलाच नको. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? सरासरी ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे पोरांनी मनात आणलेल्या सर्वनाशापेक्षाही खरं आयुष्य आठवडाभर मागे पडलं. आणि तो प्रबंध होता, नुसता लिहायचा. त्याला बॅटरी नव्हती, रेंडर, म्हणजे कॉम्प्युटर फिल्म तयार करेपर्यंत ताटकळणं, नव्हतं, मुलाखतीच्या सकाळी सर्दी होणारा पाहुणा नव्हता.

म्हणून बारा आठवडे हातात असतील तर उलटं मोजत यावं. बारावा आठवडा सरळ खोडून टाकायचा, तो आपला नाही. अकराव्यात फक्त एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फिल्मची एक फाइल काढणं, आणि परक्या मशीनवर चालवून बघणं. दहाव्याच्या सुरुवातीला चित्र कुलूपबंद, त्यानंतर एक फ्रेमही हलवायची नाही, कारण आवाजाचं आणि सबटायटल्सचं काम त्याच्यावर बसतं. तुम्ही ‘फक्त दोन सेकंद’ काढता आणि पुढची सगळी सबटायटल्स दोन सेकंद उशिरा बोलायला लागतात. चित्रीकरण सहाव्या आठवड्यात संपलंच पाहिजे. आणि वेळ संपत आला तर काय गाळायचं, याचा क्रम पहिल्याच आठवड्यात, डोकं थंड असताना, लिहून ठेवायचा. नवव्या आठवड्यात मध्यरात्री दोन वाजता ठरवायला बसलं की माणूस ड्रोनचा शॉट ठेवतो आणि मुलाखत गाळतो.

आवाजाबद्दल मात्र मला जरा मोठ्यानं बोलायचं आहे. थरथरत्या चित्राला प्रेक्षक ‘शैली’ म्हणतो, खरखरत्या आवाजाला उठून जातो. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास उड्या मारत राहिली पाहिजे. शून्याला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल मर्यादेला, डोकं आपटलं की आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो परत उगवत नाही. खोलीत फ्रिज असेल तर बंद करायचा, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीवाचून निघता येत नाही, म्हणून जाताना फ्रिज चालू करायची आठवण राहते. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. तो कटांच्या मधली भोकं बुजवायला लागतो. ही तीस सेकंदं मागताना माणसं आपल्याकडे अशी बघतात, जणू आपण त्यांच्याकडून मौनव्रत घेतोय. सातव्या सेकंदाला कोणीतरी हमखास विचारतं, “झालं का?”

आणि फोन! फोन ‘सेकंदाला तीस फ्रेम’ म्हणतो आणि मनात येईल तशा फ्रेम देतो, प्रकाश कमी झाला की कमी, वाढला की जास्त. संकलनाचं सॉफ्टवेअर बिचारं एकसारखी गती गृहीत धरून चालतं. पहिल्या मिनिटाला ओठ आणि आवाज एकत्र असतात, दहाव्या मिनिटाला पाहुणा ओठ मिटून बोलायला लागतो. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल आधी स्थिर फ्रेमगतीत बदलून घेतली आणि मगच आत ओढली, तर हा प्रकार टळतो. वेगळा रेकॉर्डर वापरत असाल तर तो ४८ किलोहर्ट्झवर लावा, व्हिडिओची दुनिया त्याच आकड्यावर चालते.

संगीतावरून होणारा वाद लहान असतो पण जिव्हारी लागतो. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स आहे, फुकट आहे,’ म्हणून उचललेल्या धूनच्या त्या खुल्या परवान्यावर ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज) ही दोन अक्षरं असतात. म्हणजे बदल करायचा नाही. आपण म्हणतो, मी कुठं बदल केला, नुसती खाली लावली! पण चालत्या चित्राशी संगीत जुळवणं हाच त्या परवान्यात बदल धरला जातो. ती धून व्हिडिओत चालत नाही. हे कळतं तेव्हा सगळे कट तिच्या तालावर मारून झालेले असतात.

मराठी शीर्षकांचा छळ वेगळाच. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचं सेटिंग चालू नसलं तर ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून भलत्याच्या गळ्यात पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून शेजारी शेजारी बसतात. ‘दिग्दर्शन’ या शब्दाची जी अवस्था मी पडद्यावर पाहिली आहे, ती पाहून श्रेय न घेतलेलं बरं.

वेबपानाचं दुखणं सांगून हे संपवते. आपल्या लॅपटॉपवर सगळे फोटो दिसतात, कारण पानाला आपल्याच डिस्कवरचा पूर्ण पत्ता दिलेला असतो. परीक्षकांच्या मशीनवर तो पत्ताच नसतो, मग चौकटी रिकाम्या. पत्ता नेहमी पानाच्या शेजारच्या फोल्डरपासून द्यावा. दुसरं, विंडोजला फाइलच्या नावातल्या कॅपिटल आणि लहान अक्षरांतला फरक कळत नाही, लिनक्सच्या सर्व्हरला मात्र तो जीवनमरणाचा वाटतो. संकलनाच्या प्रोजेक्ट फाइलचं तेच. ती दोन-चार मेगाबाइटची असते, तिच्यात व्हिडिओ नसतो, व्हिडिओंच्या पत्त्यांची यादी असते. तेवढीच पेनड्राइव्हवर घेऊन सादरीकरणाला गेलं की पडद्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ अशी लाल पाटी येते. जेवणावळीला मेनूकार्ड घेऊन जाण्यातला प्रकार.

तर काल रात्री मी बैठक घेतली. इतिवृत्त लिहिलं. ‘गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात आली. तहकूब सभेत मुलाखती सहावरून तीनवर आणण्याचा ठराव संकलकांनी मांडला. ध्वनिमुद्रकांनी अनुमोदन दिले. दिग्दर्शकांनी विरोध नोंदवला. समसमान मते पडल्यास पहिल्या आठवड्यातील लेखी यादी निर्णायक धरावी असे ठरले.’ खाली चार पदं, चार सह्या. खरं सांगायचं तर तीन मुलाखतींचा निर्णय मी महिनाभर टाळत होते, तो तिथं झाला. काकांना हे कळता कामा नये.

आज सकाळी फॉर्म चौथ्यांदा दिला. मॅडमनी पान उलटलं, सगळं वाचलं, ‘छान लिहिलंय’ असंही म्हणाल्या. मग सह्यांवरून बोट फिरवत थांबल्या.

“या चारही सह्या एकाच हातच्या दिसतायत.”