‘समजलं ना?’ या प्रश्नावर किती विसंबायचे?

तपासणी संपते, औषधांची चिठ्ठी हातात पडते, ‘समजलं ना?’ असा प्रश्न येतो आणि रुग्ण मान डोलावतो. त्या मान डोलावण्याला समजल्याची पावती मानणे ही आरोग्यसेवेतील फार महागात पडणारी सवय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेर रांग असते, समोरची व्यक्ती घाईत असते, नाही म्हणायला संकोच वाटतो आणि आजाराचे नाव नुकतेच कानावर पडले असेल, तर पुढचे काही डोक्यात शिरत नाही. उच्चशिक्षितांचेही असेच होते. डॉक्टर व परिचारिकांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि जी आठवते तिच्यातलीही जवळपास निम्मी चुकीची असते, असे डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये या विषयाचा आढावा घेताना नोंदवले होते.

मला त्याहून अस्वस्थ करतो तो २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास. त्यात रुग्णांना औषधाच्या बाटलीवरची ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या’ ही सूचना वाचायला दिली होती. वाचनक्षमता कमी असलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांनी ती बरोबर सांगितली. परंतु दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर चार गोळ्या काढून दाखवणारे सुमारे ३५ टक्केच निघाले. म्हणजे सूचना जशीच्या तशी म्हणून दाखवता येणे आणि ती पाळता येणे यांत एवढे अंतर पडू शकते.

म्हणूनच ‘टीच-बॅक’, म्हणजे रुग्णाला समजलेले त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावणे, ही पद्धत मला मोलाची वाटते. ‘मी नीट सांगितले की नाही हे मला पाहायचे आहे, घरी गेल्यावर औषध कसे घ्याल, ते सांगा बरे,’ असे विचारले की परीक्षा सांगणाऱ्याची होते आणि रुग्णाला ओशाळे वाटत नाही. जिथे कृती आहे तिथे ती करूनच दाखवायला सांगावी. दम्याचा पंप घेताना टोपण काढणे, पंप हलवणे, श्वास पूर्ण सोडणे, सावकाश आत ओढू लागतानाच दाबणे आणि मग सुमारे दहा सेकंद श्वास रोखणे, यांतली एखादी पायरी चुकली, तरी औषधाचा बराचसा भाग फुप्फुसांपर्यंत पोहोचत नाही, आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघून मात्रा वाढवली जाते.

यावर ‘एवढा वेळ कुठे आहे?’ असे विचारले जाते. अडचण खरी आहे, परंतु हे काम एकट्या डॉक्टरांचे नाही. परिचारिका आणि औषध देणारा फार्मासिस्टही ते करू शकतात. एका भेटीत दहा गोष्टी सांगण्यापेक्षा अत्यावश्यक अशा दोन-तीनच सांगाव्यात आणि ‘दिवसातून दोनदा’ऐवजी ‘सकाळी दोन, रात्री दोन’ असे स्पष्ट लिहावे. आणि कोणी विचारलेच नाही, तर रुग्णाने किंवा सोबतच्या नातेवाइकाने निःसंकोच म्हणावे, ‘थांबा, मला काय समजले ते सांगतो, चुकले तर दुरुस्त करा.’